शेवटच्या पानाचा चोर

बाइंडरबाईंना हरवलेल्या माणसांचं वेड होतं. म्हणजे पुस्तकातल्या. वाचनालयाची फाटकी पुस्तकं घरी आणायची, शिवायची, पुठ्ठे चढवायचे, हा त्यांचा धंदा. पण गठ्ठ्यात एखाद्या बेपत्ता माणसाची कादंबरी निघाली की सुई बाजूला पडलीच म्हणून समजा. नुसत्या खून-मारामाऱ्या त्यांना नको असत. कुणीतरी साधं चपला दुरुस्त करायला जातो आणि परत येत नाही. मग बायको, भाऊ, शेजारी एकेक करून त्याच्याविषयी बोलायला लागतात. तो चहात साखर किती घ्यायचा, खोटं बोलताना कुठे बघायचा. हे सगळं बाई तहानभूक विसरून वाचत.

कारण शोधायला लांब जायला नको. त्यांचा धाकटा भाऊ असाच एका सकाळी घरातून गेला, त्याला कैक वर्षं झाली. घरात आता म्हातारी आई आणि त्या, दोघीच. भावाचं नाव काढलं की आई उठून भांडी घासायला घेई, घासलेली असली तरी. म्हणून ते नाव निघतच नसे.

आईचा कामाला हातभार होता. अक्षर दिसत नाही म्हणायची, पण रद्दीच्या पट्ट्या कापून द्यायची, त्याही कशा, अगदी रेघ मारल्यासारख्या सरळ. पुस्तकाच्या कण्याला आतून अशी पट्टी चिकटवतात, म्हणजे तो लवकर मोडत नाही. बाई खळ लावायच्या, छापील बाजू आत करायच्या आणि पुढच्या पुस्तकाला हात घालायच्या. पट्टीवर काय छापलंय ते वाचत बसेल तो बाइंडर कसला.

आणि एके दिवशी ग्रंथपालांनी बाईंना टेबलाशी बोलावलं. नव्याने बांधलेल्या कादंबऱ्यांची शेवटची पानं गायब होती. फाडलेली नव्हेत, सफाईने कापलेली. त्याही फक्त बेपत्ता माणसांच्या कादंबऱ्या.

"पुस्तक तुमच्याकडून आलं की शेवट नाही," ग्रंथपाल म्हणाले. "मी काय समजायचं? असंच चाललं तर दुसरा बाइंडर बघावा लागेल."

हे काम गेलं तर घरची चूल कशावर पेटणार? बाईंनी संशयितांची रांग मनात उभी केली. इतकं वाचून तेवढी तरी अक्कल आली होती. आणि बोट ठेवलं ते मफलरवर.

मफलर म्हणजे वाचनालयातले एक म्हातारे सभासद, भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. असली कादंबरी आली की पहिली मागणी यांची. वर, घरी नेऊन मी आधी शेवट वाचतो, असं सगळ्यांना सांगत सुटायचे. पान नसल्याची तक्रारही दर वेळी दुसऱ्या दिवशी यांचीच. बाई म्हणाल्या, "चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?" ग्रंथपालांना ते पटलं. त्यांनाही कुणीतरी हवंच होतं.

"शेवट आधी का वाचता?" ग्रंथपालांनी मफलरना विचारलं.

"शेवट कळला की घाई राहत नाही," मफलर म्हणाले. "मग माणसाकडे नीट बघता येतं."

बाईंना हे उत्तर फारच तयार वाटलं. ग्रंथपालांनी सभासदकार्ड परत मागितलं. मफलरनी ते टेबलावर ठेवलं आणि निघून गेले. नंतर बाजारात बाईंना ते एका दुकानाच्या पायरीवर दिसले, कालचं वर्तमानपत्र वाचत होते. बाईंनी रस्ता ओलांडला.

महिना गेला आणि आणखी एक शेवट गेला. आता मफलर तर नव्हते. बाई मग ग्रंथपालांकडे संशयाने बघू लागल्या, झाडूवाल्याकडे बघू लागल्या. घरी मात्र बघितलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मग त्यांनीच बांधलेलं एक पुस्तक कणा सुटून परत आलं. बाईंनी आतली पट्टी ओली करून सोलली. उलट्या बाजूला छपाई होती: "तळ्याकाठचा बूट तिने लगेच ओळखला." ही ओळ त्यांनी वाचली होती. एका हरवलेल्या भावावरच्या कादंबरीची शेवटची ओळ होती ती, आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ती दुसऱ्याच पुस्तकाच्या पाठीत चिकटवली होती.

त्यांनी पट्टी आईपुढे धरली. "आई, तुला वाचता येतं."

"जवळचं दिसतं," आई म्हणाली. कात्री चालूच होती.

"का कापलीस?"

"सगळी नाही कापली. माणूस घरी येतो ती पानं आहेत तशी ठेवली. मेलेला सापडतो ती कापली. अगं, पुस्तक नेणाऱ्यांतही कुणी वाट बघत असेल. तिने कशाला वाचावं ते?" मग कात्री थांबली. "आणि तू. शेवट वाचलास की तोंड पाडून बसायचीस. मला वाटायचं, हिला काहीतरी कळलंय. माझ्यापासून लपवतेय."

इतकी वर्षं एका खोलीत दोघी एकमेकींना चुकवत होत्या.

सकाळी त्या वाचनालयात गेल्या. "पानं मी कापली," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्यांचं कार्ड त्यांना परत करा."

"तुम्ही?" ग्रंथपाल बघतच राहिले. "पण का?"

"शेवट पटला नाही."

काम गेलं. जायचंच होतं. बाई रिकाम्या हाताने घरी आल्या. आईने आधी पिशवीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"पुस्तकं नाही आणलीस?"

"आता नाही येणार."

आई उठली. भांड्यांपर्यंत गेली. बाईंनी तिचा हात धरून तिला परत बसवलं, आणि कादंबऱ्यांतले लोक पहिल्या प्रकरणात विचारतात तेच विचारलं.

"तो गेला तेव्हा अंगात काय होतं गं त्याच्या?"

आईने बराच वेळ हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

"निळा शर्ट," ती म्हणाली. "वरचं बटण तुटलं होतं. थांब, लावून देते म्हटलं, तर म्हणाला, आल्यावर लाव."