सुनेच्या गाडीचे टायर

खर्रर्र! ऐंशीच्या दशकात वर्सोव्याच्या ओल्या वाळूवर आमची जीप असा आवाज करायची, जणू अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय.

मित्रांनो, त्या आवाजापायी आज सुनेला तिच्या जीपसाठी मी हट्टाने चिखलात चालणारे जाडजूड टायर घ्यायला लावले. सायली म्हणत होती, "बाबा, रोज ऑफिसला जायचंय. रस्ता आणि माती, दोन्हीला चालणारे घेऊया ना."

"तुला गं काय कळतं त्यातलं?" मी दुकानात सगळ्यांसमोर म्हणालो. लोक हसले. तिने मी सांगितलेल्या टायरांचे पैसे भरले.

परतताना मुलुंडला ओल्या डांबरावर सायलीने ब्रेक मारताच त्या टायरांची पकड सुटून गाडी घसरली, दुभाजकापाशी कशीबशी थांबली. तिने आधी विचारलं, "बाबा, लागलं नाही ना?"

तेव्हापासून मान वर होत नाहीये. सुनेची माफी कशी मागतात हो?

लिहितोय तोच बेल वाजली. दार उघडलं, तर समोर सायलीची आई. आता पहिली माफी बहुतेक हिचीच मागावी लागणार!