गोड केलेला आवाज

उदगीरच्या रेवणसिद्धला कर्कश आवाजाचा भारी तिटकारा. त्याच्या दुकानात कुठलाही रेडिओ, कुठलाही टेप दुरुस्तीला येवो, बेसचा खर्ज वर आणि ट्रेबलची धार पार खाली करूनच तो परत जायचा. गिऱ्हाइकाने सांगो न सांगो. घरात वाजणारा आवाज कसा मऊ घोंगडीसारखा असावा, आहे तसाच ऐकायचा तर माणूस बाजारात जाऊन उभा राहील की! बायको जगदेवी चिडवायची, "तुमच्या पेटीतल्या समद्या बाया एकाच मायच्या लेकी वाटत्यात." गिऱ्हाइकं खूश होती, त्यामुळे हा टोमणा त्याला कधी लागला नाही.

लातूर जिल्हा नवा झाला, पण साहेबलोक पाऊस जुन्याच जिल्ह्यात विसरून आले, असं लोक म्हणायचे ते दिवस. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या चांगुणाबाई शिरूर अनंतपाळहून एक कॅसेट घेऊन आल्या. भीमजयंतीला त्या विहारापुढे गायच्या. लाऊडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचायचा, असा धारदार गळा. पण त्याच गळ्याचं ऑपरेशन झालं आणि उरली नुसती कुजबुज. जयंतीला कुणीतरी भरलेली ही एकच कॅसेट शिल्लक होती, आणि तीही अडखळत होती.

"अप्पा, चांगली करून द्या," त्या कुजबुजल्या. "नातीनं माझा आवाज ऐकलाच न्हाई."

रेवणसिद्धने जीव ओतून काम केलं. गाणी नव्या कॅसेटवर उतरवली, आणि उतरवताना हात सवयीने बटणाकडे गेलाच. सगळी धार त्याने घासून काढली. जुनी कॅसेट द्यायची, नवी न्यायची हा दुकानाचा रिवाज. त्याप्रमाणे जुनीची फीत दुसऱ्या खोक्यात घालून, तिच्यावर शिवभजनं भरून त्याने ती विकूनही टाकली.

चांगुणाबाई आल्या तेव्हा त्याने मोठ्या हौसेने गाणं लावलं, आणि शाबासकीची वाट बघत बसला.

"लई गोड हाय," त्या म्हणाल्या. "कोण गातीया?"

"अहो, तुम्हीच की!"

"मी न्हाई. माझ्या आवाजाला मुकादमसुद्धा दचकायचा." त्यांनी पुन्हा कान देऊन ऐकलं. "जुनी लावा बरं."

रेवणसिद्धच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ट्रेबल शेवटपर्यंत फिरवला, पण खरखर तेवढी वाढली. जे पुसलं ते आता कुठून येणार? जगदेवी खरं तेच बोलत होती. आपल्या आवडीपायी आपण एका बाईचा गळा दुसऱ्यांदा कापला, असं त्याला वाटलं.

"माय, जुनी पुसली मी," तो म्हणाला. "चुकलो."

चांगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. मानेच्या शिरा ताणल्या, तोंड उघडलं. त्यांना ओरडायचं होतं. ओठ तेवढे हलले.

रेवणसिद्धला उठून त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला, तेव्हा कुठे ऐकू आलं, "आता नातीला काय ऐकवू?"