कोडवरचं नाव

लालबागच्या नाक्यावर सुभद्रा तोडणकरांचं पोळीभाजी केंद्र आहे. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने उभं केलं. आधी येणारी प्रत्येक नोट त्यांच्याच कमरेच्या पिशवीत जायची. मग गिऱ्हाइकं मोबाइलवरून पैसे देऊ लागली. मुलाने, मयूरने, कोड आणून काउंटरवर चिकटवला. खातं त्याचंच. सुट्ट्यांची कटकट मिटली, धंदा वाढला. सामानाला लागतील तसे पैसे मयूर द्यायचा आणि सुभद्राबाईंना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, पण पैसे मिळाल्याशिवाय खांद्यावरून उतरवेना. शेगडीची ज्योत बारीक होत चालली होती, कढईतली भाजी अर्धी कच्ची, आणि ऑफिसवाल्यांची जेवणाची वेळ जवळ आलेली. मयूर फोन उचलत नव्हता. शेवटी त्यांनी सुनेला फोन लावला. सीमा परळच्या एका दवाखान्यात कामाला होती. तिने स्वतःच्या खात्यातून गॅसवाल्याला पैसे पाठवले आणि तशीच धावत आली.

"आई, त्या खात्यात काहीच नाही," ती हळूच म्हणाली. "मयूरने सगळे शेअरबाजारात घालवले. मलाही परवाच कळलं."

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने कोड स्कॅन केला. पैसे जमा झाल्याचं काउंटरवरचा स्पीकरचा डबा मोठ्याने बोलला. सुभद्राबाईंनी त्या डब्याची पिन उपटली, कोडवर पिठाची रिकामी पिशवी टाकली आणि आज रोखच द्या म्हणून सांगायला लागल्या. बरेच जण तसेच परत गेले. खिशात नोटा बाळगतो कोण आता? दुपारी टोपलीत पोळ्यांची चळत तशीच पडून होती.

संध्याकाळी मयूर आला तो तणतणतच. धंदा बुडवायचा आहे का, म्हणून विचारू लागला. सीमाने शेअरबाजारातल्या तोट्याचे आकडे उघडून त्याच्यासमोर मोबाइल धरला, तेव्हा तो खाली बसला.

"आई, दुप्पट करून देणार होतो तुला."

"नोट माझ्याकडे असती तर तुला मागावी लागली असती रे," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी दिलीही असती कदाचित. पण तू मला विचारायची गरजच ठेवली नाहीस."

त्या रात्री मयूर जेवला नाही.

स्वतःच्या नावाचा कोड मिळवणंही सोपं नव्हतं. बाईंच्या फोनचं सिमसुद्धा मयूरच्याच नावावर होतं. ते बदलेपर्यंत रोखीवर निम्माच धंदा झाला. जुनी गिऱ्हाइकं शेजारच्या सँडविचवाल्याकडे उभी राहिलेली त्यांना रोज दिसायची. भाडं निघेल की नाही या धास्तीने झोप लागत नव्हती. नवा कोड लागला तशी माणसं हळूहळू परतली.

गेलेले पैसे काही आले नाहीत. मयूर आता सकाळी डबे पोचवतो आणि त्या कामाचे पैसे आईकडून मागून घेतो. महिन्यातून एकदा सुभद्राबाई एकट्याच बँकेत जातात, थोडी रोख काढतात आणि घरात कुठेतरी ठेवतात. कुठे, ते सीमालाही माहीत नाही.