झुंबरबाई गाव दाखवते

धोत्रेवाडीत झुंबरबाईला झुंबरबाई म्हणून कुणी हाक मारत नसे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सुपेकरीण. आता डोक्यात चांदी चमकू लागली, थोरल्या लेकाचं लग्न झालं, तरी सासू आक्काबाई अंगणातून ओरडायची ती “ए सुपेकरणी!” असंच. आणि गंमत अशी, की जिच्या नावात माहेरचं सुपा गाव होतं, तिलाच सुप्याला जायला बंदी होती.

कारण एका टोपीचं. झुंबरबाईचा भाऊ काकासाहेब. त्याच्या लेकीच्या लग्नात सगळ्या जावयांना फेटे बांधले. झुंबरबाईचा नवरा सूर्यभान याच्यापर्यंत पोचेतो फेटे संपले, म्हणून कुणीतरी त्याच्या डोक्यावर गांधी टोपी ठेवली. “मेव्हण्यानं मला टोपी घातली!” असं तो पुढं कैक दिवस सांगत राहिला, आणि लोक का हसतात, हे त्याला कळेना. त्या दिवसापासून सुप्याची वाट बंद. झुंबरबाई सरपणाला म्हणून खिंडीपर्यंत जाई, तिथून सुप्याची झाडं दिसत. ती बघून मोळी उचलून परत येई.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात पुण्याच्या कॉलेजातून एक ताई वाडीला आली. माणसाचा गावावर जीव का जडतो, हे तिला शोधायचं होतं. तेही बसून विचारायचं नाही, तर त्या माणसाबरोबर चालायचं, असं तिच्या सरांनी ठरवून दिलं होतं. आधी पुरुष चालून झाले. प्रत्येकानं मारुती दाखवला, शाळा दाखवली आणि सरपंच आबासाहेबांच्या विहिरीवरचं नवं इंजिन दाखवलं. आबासाहेब प्रत्येक वेळी बरोबर चालत होते, त्यामुळे सगळ्यांचं गावावरचं प्रेम इंजिनापाशीच येऊन थांबलं.

मग ताई म्हणाली, आता एखादी बाई हवी. आबासाहेब तिला सूर्यभानाच्या अंगणात घेऊन आले.

“बाया काय दावनार?” आक्काबाई म्हणाली. “पानवठा नि उकिरडा.”

“तुमचं गाव मला दाखवा,” ताई झुंबरबाईला म्हणाली. “तुम्ही न्याल तिकडं मी येईन. अडवणार नाही.”

झुंबरबाईच्या हातातलं सूप थांबलं. “माझं गाव?”

“तुमचंच.”

“लांब हाय.”

ताई हसली. वाडी या टोकाला उभं राहिलं तर त्या टोकापर्यंत दिसत होती. “चालायलाच तर आलेय.”

झुंबरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं.

“जा म्हनलं ना!” आबासाहेबांपुढं सूर्यभान खेकसला. “सरकारी काम हाय. ताई म्हनत्यात तसं कर, सारखं इचाराय येऊ नगं.”

ती आत गेली आणि पेटीतलं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली.

“पानवठ्यावर जायला हे लुगडं?” आक्काबाईनं डोळे बारीक केले.

“सरकारी काम हाय, आत्याबाई.”

खिंडीत पोचल्यावर ताईला राहवलं नाही. “इथे तुम्हाला काय वाटतं?”

“हितं मी उभी राहते.”

ताईला ते फार आवडलं. गावाच्या शिवेवर उभी राहून आपलं गाव डोळे भरून बघणारी बाई! झुंबरबाईची वाडीकडं पाठ होती, हे तिच्या लक्षात आलं नाही.

उतार लागला. दोन्हीकडं ज्वारी निसवली होती. ताईच्या चपलेचा अंगठा तुटला.

“सडकंला यष्टी मिळंल, ताई.”

“नको. चालणंच महत्त्वाचं.”

“बरं झालं. यष्टीत वाडीचं कोनीतरी भेटलं असतं.”

ताई थबकली. “आपण वाडीच्या बाहेर आलो का?”

“कवाच.”

“आणि तुमचं गाव?”

“हे काय, दिसाय लागलं की.”

आता ताई मागं फिरली तर संपलं. घरी सांगायला ‘तुमीच म्हनला’ एवढं तयार होतं, पण ताईशिवाय त्याला जोर नव्हता. झुंबरबाई हळूच म्हणाली, “न्याल तिकडं येईन म्हनला हुता तुमी.”

ताईनं तुटकी चप्पल हातात घेतली. “चला.”

काकासाहेबाची बायको मालनबाई दारात पीठ चाळत होती. “अगं बया! वन्सं!” ती ओरडली, आणि शेजारणीला हाक घातली, “वाडीच्या आल्यात गं, वाडीच्या!”

वाडीचं कोण आलं म्हणून झुंबरबाईनं घाबरून मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

मालनबाईनं नवी घोंगडी अंथरली, पाहुण्यांचा पितळी तांब्या भरून पुढं केला, चुलीवर तवा ठेवला. झुंबरबाई परातीकडं सरकली तशी ती म्हणाली, “बसा वो वन्सं. पाव्हन्यानं हात लावायचा न्हाई.” ज्या घरात लहानपणी सगळ्यांना पाणी दिलं, तिथं आपल्याला कुणी तांब्या दिलेला हा पहिलाच. तिनं तो तसाच भरलेला खाली ठेवला.

“हे तुमचं गाव,” ताई समाधानानं म्हणाली.

“यांचं कुठलं?” मालनबाई हसली. “यांचं वाडी.”

“मग हे तुमचं?”

“माझं? छ्या! माझं त्या टेकाडापल्याड. वडाचा शेंडा दिसतो बगा.”

“दाखवाल?” ताई सवयीनं बोलून गेली.

मालनबाईचा पिठाचा हात तसाच राहिला. तिनं टेकाडाकडं बघितलं, मग तव्याकडं, मग नणंदेकडं.

“जावा तुमी, वहिनी,” झुंबरबाई म्हणाली. “भाकरीचं मी बगते.”

पाहुणीनं हात लावायचा नाही, हे मालनबाईला आठवलं नाही. तिनं हात पुसले आणि ती निघाली. मागोमाग ताई, लंगडत.

घर रिकामं झालं. झुंबरबाई चुलीपुढं बसली. डावी कड आईच्या वेळी ढासळली होती, ती अजून तशीच होती. डोक्यावरचा पदर कधी खांद्यावर आला, तिला कळलं नाही. भाकरी टम्म फुगली.

रानातून काकासाहेब आला. उन्हातून आलेल्या डोळ्यांना चुलीपाशी पाठमोरं कुणीतरी बसलेलं तेवढं दिसलं. तो उंबऱ्यावर टेकला आणि फेटा सोडत म्हणाला, “पानी आन गं.”

ती उठली. भरलेला पितळी तांब्या समोरच होता. तो तिनं तिथंच राहू दिला, आणि रांजणात रोजचा, पोचे पडलेला जर्मनचा पेला बुडवला.