साडूची चाळणी आणि आमचा डोह

सन १९८३. मी बेचाळीस वर्षांचा. लातूर जिल्हा होऊन वरीसही भरलं नव्हतं. कचेरी नवी, साहेब नवे, पाणी तेवढं जुनं, आणि तेही फारसं उरलं नव्हतं. पाण्यातल्या किड्यांना माझ्या साडूइतका मान देणारा माणूस तेव्हा उभ्या मराठवाड्यात नव्हता.

तो लातूरला शाळेत विज्ञान शिकवायचा. मी दुसरीतच शाळा सोडलेली, म्हणून त्याचं ऐकायचं नाही हे माझं ठरलेलं. रविवारी पहिल्या एसटीनं यायचा, माझ्या मेहुणीची पिठाची चाळणी पिशवीत घालून, आणि थेट मांजरेच्या डोहात उतरायचा. निजलेल्या माणसाचं पांघरूण सारावं तसा एकेक दगड हळूच उलटायचा आणि बघून झालं की त्याच कुशीवर परत ठेवायचा. "छत हाय त्यांचं, दादा." चपटा, तीन शेपट्यांचा किडा दिसला की घटकाभर त्याच्याकडेच बघत राहायचा, ऊन, पाणी, एसटी, सगळं विसरून. "हा घाणीत टिकत न्हाई. हा हाय तवर बिनघोर प्या. नुसत्या लाल अळ्या राहिल्या, की पाणी सडलं समजा."

"आमच्या बापानं किड्याला इचारून पाणी पेलं न्हाई, पाव्हणं!" मी म्हणायचो. तो हसून वहीत किड्याचं चित्र काढायचा.

एका सोमवारी कचेरीतले साहेब डोह बघायला येणार होते. साडूच पाणी तपासून दाखवणार होता. चांगलं ठरलं तर गाव तिथंच पिणार. नाही तर बायांना दोन कोसांवरची विहीर. साहेबांपुढं किडे? गावाची अब्रू होती! सोमवारी रजा टाकून यायचं म्हणून आदल्या दिवशी, रविवार असूनही, साडू आला नव्हता. मी एकट्यानं दगड घासले, पटक्यानं पाणी गाळलं, गोगलगायसुद्धा ठेवली नाही. सगळे जीव घमेल्यानं खालच्या डबक्यात सोडले. डोह आरशासारखा झाला.

साडूनं चाळणी बुडवली. रिकामी. पुन्हा बुडवली.

"झकास पाणी!" साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब," साडूनं रिकामी चाळणी पुढं धरली. "लाल अळीसुद्धा न्हाई. कुणीतरी फवारणीचा पंप धुतलाय. इख हाय ह्यात."

डोह बंद झाला. बाया रिकाम्या घागरी घेऊन वळल्या. त्यात माझी बायकोही होती. मला बोलता आलं असतं. मिशी आडवी आली. साडू दिवस कलेपर्यंत काठावर बसून होता, घरातलं कुणी गेल्यासारखा.

"चला, एसटी जाईल."

"जाऊ द्या, दादा. मागच्या आठवड्यात पिलं होती हो इथं."

त्या दिवशी तो आमच्याकडंच राहिला.

आता साडू नाही. डोहही गाळानं भरला. डोळा लागला की मात्र ते पाणी दिसतं, आणि त्यात वाकलेला तो. तेव्हा, डोह बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, उजाडताच मी खालच्या डबक्यात उतरलो, तीन शेपट्यांचे किडे एकेक करून पटक्यात वेचले, डोहात आणून सोडले, दगड पहिल्या कुशीवर परत ठेवले, आणि घरी येऊन साडूला हलवून उठवलं. म्हणालो, "चाळणी घ्या, पाव्हणं. इख न्हवतं त्यात. मी होतो."