पलंगामागची भिंत

इस्त्रीवालीने झाडायला पलंग सरकवला, तेव्हा तिला तो खळगा दिसला. बरोबर तिच्या लेकीच्या तोंडाच्या उंचीला रंगाचा पापुद्रा निघून गिलावा उघडा पडला होता. कडेला बारीक दात उमटले होते. उंदराचे नव्हते.

लेक दोन वर्षांची. घरभर गरगर फिरायची म्हणून भिंगरी. हल्ली मात्र कोपरा धरून बसायची. इस्त्रीवालीने तिच्या तोंडात बोट घातलं, तर जिभेवर पांढरा चुरा.

"अगं, सगळीच पोरं असलं खातात," सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा साबणाची वडी कुरतडायचा. काय झालं त्याला?"

नवरा हसला. इस्त्रीवाली हसली नाही.

तिने खळग्यापुढे पत्र्याची पेटी लावली. पोरीने खिडकीची चौकट धरली. तिथला हिरवा रंग पोपडे धरून सुटला होता. एकदा रागाच्या भरात चापटी मारली, तर दुसऱ्या दिवसापासून भिंगरी पाठ करून खायला लागली. मारून सवय लपते, सुटत नाही, हे तिला तेव्हा कळलं. कपड्यांचे गठ्ठे तसेच ठेवून ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. "लोह फार कमी आहे," अहवाल बघून त्या म्हणाल्या. "अशा मुलांना कधीकधी माती, गिलावा खावासा वाटतो. हा हट्ट नाही, रागावू नका. पण तुमच्या घरचा जुना रंग शिशाचा दिसतोय. शिसं हिच्या रक्तात उतरलंय."

"म्हणजे विषच की!"

"हो. लोहाचं औषध मी देते. शिसं पोटात जाणं मात्र घरातच थांबायला हवं. आणि भिंत सुकी खरवडू नका, धूळही तितकीच वाईट."

ती तडक घरमालकाकडे गेली.

"इतके भाडेकरू राहून गेले, कोणी भिंत खाल्ली नाही," मालक म्हणाला. "पोरीला पोटभर जेवायला घाल."

तिच्या अंगाची लाही झाली, पण आवाज चढला नाही. "ताटात मी वाढतेच, मालक. भिंत तुमची आहे."

मालकाने दार लावून घेतलं. तिने पदर खोचला. इस्त्रीचे कपडे ती घरोघर पोचवायची, आता प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एकच सांगणं, "पलंग सरकवून बघा. पोरांचं रक्त तपासून घ्या."

कोणी टाळलं, कोणी तोंड वाकडं केलं. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई तर फणकारल्या, "आमच्याकडे असले प्रकार नाहीत हं!" संध्याकाळी त्याच बाई आपल्या मुलाला कडेवर घेऊन खाली आल्या. चेहरा पांढराफटक. "कपाटामागे... दवाखाना कुठे म्हणालात?"

त्याच्या रक्तातही शिसं निघालं. मग आणखी काही पोरांच्या. इमारतीतल्या बाया मालकाच्या दारात जाऊन बसल्या, त्या सकाळी त्याच्या शर्टांनाही इस्त्री मिळाली नाही. चुरगळलेल्या शर्टानेच त्याने रंगारी बोलावला.

पोरांना नातेवाइकांकडे धाडलं. इस्त्रीवाली रंगाऱ्याच्या मागे उभी राहिली. "आधी ओलं करा, मग खरवडा. तो चुरा पोत्यात भरा." शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, एक तर तुम्ही खरवडा, नाहीतर मला खरवडू द्या." ती हसली, पण हलली नाही.

रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. बोलण्यात मात्र भिंगरी मागे राहिली होती. "किती भरून निघेल ते आज सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिच्याशी सतत बोलत राहा."

एवढं तर हातात होतं. इस्त्रीच्या टेबलापासून लांब, लाकडी कठड्यापलीकडे लेकीला बसवून ती दिवसभर बोलू लागली. ही कॉलर. हा खिसा. ही बाही, बघ कशी सरळ झाली. सासूबाई म्हणायच्या, "भिंतीशी बोलल्यासारखं काय बोलतेस?" पण त्याही जवळ येऊन बसायच्या.

एका दुपारी कठड्यापलीकडून आवाज आला, "खिचा."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली. "खिसा," ती म्हणाली. मग तिने शर्टाची बाही वर धरली. "आणि ही?"

भिंगरीने बराच विचार केला. सासूबाईंना राहवेना, त्या हळूच "बा... बा..." करायला लागल्या.

"आई, थांबा," इस्त्रीवाली म्हणाली. "तिला म्हणू दे."