वळणारं जहाज

माझ्यासारख्याने लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यातून जहाजाबद्दल मला जे ठाऊक आहे, ते बहुतेक स्वयंपाकघरात ऐकलेलं.

बाबा चेन्नई बंदरातल्या एका सर्वेक्षण जहाजावर खलाशी होते. किनाऱ्याजवळच्या समुद्राची खोली मोजणं हे जहाजाचं काम. सरळ रेघेत जायचं, वळायचं, थोडं बाजूला सरकून परत यायचं. शेत नांगरतात तसं.

चेन्नईत आम्ही वेलचेरीला राहायचो; तिथे शेजारच्या मामी आईला विचारायच्या, "या खेपेला कप्पल कुठे? सिंगापूर?" कप्पल म्हणजे जहाज. आई नुसतीच हसायची आणि घरात येऊन बाबांवर घसरायची.

"काय सांगू त्यांना? पुलिकतपर्यंत गेले नि वळले?"

"अगं, दर वेळी थोडं पुढे सरकतो आम्ही."

"केर काढताना मीही सरकते. मला कुणी कप्पलवाली म्हणतं?"

आईला एकदाच त्या जहाजातून लांब, सरळ जायचं होतं. वर्षातून एक दिवस घरच्यांना फिरवून आणायची पद्धत होती. पण जहाज म्हातारं. एकदा इंजिन बिघडलं, एकदा वादळ आलं. दोन्ही वेळा आईच्या गूळपोळ्या आम्ही घरीच संपवल्या.

मी बारावीत असताना मात्र जहाज खरंच निघालं. आई नवी साडी नेसून पुढे कठड्याशी उभी राहिली. बंदर मागे पडलं, आणि तेवढ्यात जहाज वळलं. निघालोच आहोत तर एक राहिलेली रेघ मोजून घेऊ, असं कप्तानांनी ठरवलं होतं.

"साहेब, आज तरी सरळ जाऊ द्या की!" आई आपल्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाली.

"अम्मा, आमची हद्द इथेच संपते," कप्तान ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी दुसरी गूळपोळी उचलली.

पुढे मी श्रीपेरुंबुदूरला हॉस्टेलवर राहायला गेलो. जहाज भंगारात जाणार असं महिनोन्‌महिने नुसतं ऐकत होतो. एका रविवारी बाबांचा फोन आला. "आज नेलं. टगबोटीने ओढत," ते म्हणाले. मग आईने फोन घेतला.

"मरीनावर जाऊन बघितलं रे मी. दिसेनासं होईपर्यंत सरळ गेलं. वळलंच नाही." आणि वर ती म्हणाली, "मामींना सांगितलंय, सिंगापूरला गेलं."